तेलगिरणीवाल्यांचा शिवणवर्ग

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आमचा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडायचा, आणि सरकार म्हणजे जे काय असतं ते अकोल्याला राहतं अशी आमची समजूत होती. त्या सरकारनं एकदा मंगरूळपीरच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीतल्या कामगारांना शिवणकाम शिकवायचं ठरवलं आणि शिकवायला मला बोलावलं. मी एकवीस वर्षांची होते.

गिरणी का बंद पडली ते आधी सांगते. तिथं शेंगदाण्याचं आणि सरकीचं तेल निघायचं. गिरणी चालू असली की गावात शिरतानाच एस.टी.च्या खिडकीतून खमंग वास यायचा. मग रेशनच्या दुकानात पामतेल यायला लागलं. परदेशातून जहाजानं येतं, म्हणायचे. स्वस्त होतं, त्यामुळे लोक डबे घेऊन रांगेत उभे राहायचे. गिरणीतल्या माणसांच्या बायकासुद्धा त्याच रांगेत असायच्या, करतील काय? गिरणीच्या तेलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. मालकानं एक हंगाम अर्ध्या पाळीवर रेटला आणि मग फाटकाला कुलूप घातलं. कामगार तहसीलवर गेले, निवेदन दिलं, पुन्हा गेले. शेवटी अकोल्याहून हुकूम आला: बाहेरच्या तेलामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना सहा महिने सरकारी प्रशिक्षण, तेवढे दिवस विद्यावेतन, आणि परीक्षा पास होईल त्याला एक शिलाई मशीन.

शिवणकामच का, हे पुढे मी एका साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, मंजुरी शिलाई मशीनचीच आली होती." यापेक्षा जास्त कारण मला कधी कळलं नाही.

माझे बाबा तहसील कचेरीत शिपाई होते. आमचं घर बौद्ध. बाबांच्या आधीच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या, आणि घरात पगार आणणारे बाबा पहिले. मला त्यांनी अकोल्याला मावशीकडे ठेवून शिवणाचा कोर्स करायला लावला होता. एका संध्याकाळी ते आसेगावला घरी आले ते सायकल टेकवायच्या आतच बोलायला लागले.

"पोरी, मंगरूळले शिवनवर्ग निंघून राह्यला. मास्तरीन पायजे हाय. तू अर्ज टाक."

"बाबा, तिथं तर सारे गिरणीवाले गडी असतीन."

"मंग? गड्याइले कपडे लागत नाईत का?"

आई चुलीपासून म्हणाली, "जाऊ द्या तिले. मशीन घेऊन घरीच बसली तं साऱ्या गल्लीचे फुकट शिवाव लागतीन."

अशी मी मास्तरीण झाले.

वर्गासाठी जुन्या शाळेची एक मोठी खोली दिली होती. पहिल्या दिवशी मी पिशवीत टेप, कात्री, खडू आणि भाकरी घेऊन गेले. खोलीत पंधरा माणसं भिंतीला टेकून बसली होती. बारा पुरुष, तीन बाया. त्यातला सर्वांत तरुण माणूससुद्धा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. मी आत गेले तसे सगळे उभे राहिले. मला वाटलं मागून कुणी साहेब आले, म्हणून मी पण वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

आणि मशीन? मशीन लाकडी खोक्यांत बंद होत्या. पाय वेगळे, डोकं वेगळं, चाक वेगळं, पट्टे एका पुडक्यात. अकोल्याला आम्ही शिकलो ते जोडलेल्या मशीनवर. जोडायची कशी, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी एका खोक्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हळूच परत लावलं.

त्यांच्यातला एक काटकुळा माणूस, गिरणीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यांना डाख लावून ते सांधायचा, त्याला सगळे डबेवाला म्हणायचे. तो पुढे आला.

"बाई, तुमाले येते का जोडता?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण पंधरा जोडी डोळे माझ्यावर होते. मी म्हणाले, "नाही."

तो वळला आणि ओरडला, "चाला गा! काम लागलं!"

मी तसलं दृश्य पुन्हा पाहिलं नाही. इतका वेळ मान खाली घालून बसलेली माणसं एकदम, कुणी सदरे काढून, कुणी बाह्या वर करून, कामाला लागली. कुणी पाने-पक्कड आणायला घरी धावलं. कुणी खोकी फोडली. गिरणीच्या बॉयलरवर ज्यांनी बारा-पंधरा वर्षं काढली होती ते एक काका होते. आडवा बांधा, हात फावड्यासारखे, बोलणं कमी. ते काही जोडत नव्हते, नुसते फिरत होते. एकेक मशीन उभी राहिली की ते तिच्या बाजूला उकिडवे बसायचे, चाक हातानं फिरवायचे आणि कान लावायचे. "हिचा स्क्रू ढिला हाय." "हिले तेल पायजे." "हे बराबर हाय." दुपारी जेवणाआधी पंधराच्या पंधरा मशीन उभ्या होत्या. जमिनीवर तीन स्क्रू उरले होते. काकांनी ते उचलले, पुन्हा एक फेरी मारली आणि कुठल्या मशीनचे ते बरोबर ओळखून लावून टाकले.

मग सगळे हात पुसत माझ्याकडे पाहायला लागले.

"आता काय कराचं बाई?" डबेवाल्यानं विचारलं.

"आता शिवायचं," मी म्हणाले, आणि सगळे पुन्हा भिंतीला टेकून बसले.

पहिला आठवडा आम्ही वर्तमानपत्राच्या कागदावर टीप मारायला शिकलो, दोऱ्याशिवाय. दुसऱ्या आठवड्यात मापं. त्याबद्दल एक सांगायचं आहे. माप घ्यायला जोड्या पाडायच्या होत्या आणि आधी मी म्हणाले, "माझं खांद्याचं माप कोण घेतं?" पुरुषांचा तर प्रश्नच नव्हता. तिघी बायांपैकी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी कोणाच्या घरची ते आतापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. ती नजर मी लहानपणापासून ओळखत होते. शाळेत पाण्याच्या माठापाशी असायची ती. मी टेप हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात तिसरी उठली. आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली कास्तकार घरची बाई, वयानं माझ्या आईएवढी. गिरणीत डबे भरायची. सगळे तिला मौशी म्हणायचे.

"आन तो टेप," ती म्हणाली. माझ्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत तिनं टेप ओढला, आकडा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "इतकी बारीक काहून व तू? सकाळी जेवून नाई येत का?"

सगळे हसले, मी पण हसले. दुसऱ्या दिवसापासून मौशीच्या डब्यात माझ्यासाठी एक पोळी जास्त असायची, आणि चारचौघांत ती मला बाई म्हणायची, एकटी असले की पोरी.

वर्ग रंगायला लागला. डबेवाला कापण्यात पटाईत निघाला. पत्र्यावर खुणा करायची त्याला सवय होती. कापड पत्र्यापेक्षा नरम, एवढाच त्याला फरक. तो कापडावर खडूनं अशी रेघ ओढायचा की मी पट्टी लावून पाहायचं सोडून दिलं. मौशीची टीप सरळ यायची. बाकीचेही रडतखडत पायजम्यापर्यंत आले. मागे राहिले ते बॉयलरवाले काका.

काका सुया मोडायचे. रोज एक तरी, कधी तीन. टीप कापडावरून निघायची ती भलतीकडेच जायची. मी पहिल्यांदा समजले, हात जड आहेत. मग वाटलं, पायडल जोरात मारतात, म्हणून त्यांना म्हणाले, "काका, हळू. बॉयलरमध्ये कोळसा नाही टाकायचा." ते निमूट मान डोलवायचे. शिवलेला तुकडा माझ्यापुढे धरायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी आशा असायची की मी दरवेळी म्हणायचे, "चांगलं आहे. अजून थोडं सरळ."

एक दिवस मौशीनं मला बाजूला घेतलं.

"पोरी, एक सांगू का? त्याच्या सुईत रोज दोरा कोन ओवते, माईत हाय?"

"कोण?"

"मी ओवतो. सकाळी तू याच्या आंधी. आन् मंधात तुटला तं तो पानी प्याले जाते, मंग मी ओवून ठेवतो."

मी दिवसभर काकांवर लक्ष ठेवलं. ते कापडाकडे पाहतच नव्हते. मान वाकडी करून मशीनचा आवाज ऐकत होते. इतकी वर्षं भट्टीच्या तोंडाशी बसून त्यांची जवळची नजर पार गेली होती, आणि हा गडी दोन महिने कानांवर शिवत होता.

त्यांना विचारायची सोय नव्हती. दिसत नाही हे उघड झालं तर नाव कमी करतील, हे भय त्यांना असणारच. आणि कदाचित केलंही असतं; हुकुमात काय काय लिहिलेलं असतं ते कुणाला ठाऊक. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. एस.टी.त बसल्या बसल्या सुचलं. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी मोठ्या आवाजात सांगितलं:

"सरकारचा नियम आहे. शिवणवर्गातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायचे. गुरुवारी वाशीमच्या सरकारी दवाखान्यात जायचं आहे. सगळ्यांनी."

"माहे डोये तं घारीसारखे हायेत," डबेवाला म्हणाला.

"घारीचे पण तपासायचे."

गुरुवारी आम्ही सोळा जणं एस.टी.नं वाशीमला निघालो. वरात निघावी तसं झालं. बायांनी नव्या साड्या नेसल्या होत्या. डबेवाल्यानं कंडक्टरला सांगितलं की आम्ही सरकारी माणसं आहोत. कंडक्टर म्हणाला, "मंग सरकारी तिकिटं काढा." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एवढी मोठी पलटण पाहून मला विचारलं, "हे काय शिबिर आहे का?" मी त्यांना कानात खरं काय ते सांगितलं. ते हसले आणि प्रत्येकाला अगदी गंभीर चेहऱ्यानं तपासलं. शेवटी चौघांना चष्मा निघाला. त्यातला एक डबेवाला.

परतताना काका माझ्या पुढच्या बाकावर होते. मागे न वळता त्यांनी विचारलं,

"बाई, असा नियम हाय?"

मी म्हणाले, "नाही."

"मले वाटलंच," काका म्हणाले. पुढे मंगरूळ येईपर्यंत ते बाहेर पाहत बसले होते.

चष्मे घडून यायला आठवडा लागला. काकांनी आपला चष्मा लावला आणि पहिल्यांदा आपले तळहात पाहिले, मग उलटे करून पाहिले. जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या त्यांवर. मग मशीनपाशी जाऊन त्यांनी स्वतः शिवलेल्या तुकड्यांचा गठ्ठा काढला. एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"बाई, हे मी शिवलं?"

"हो."

"आन् तुमी याले चांगलं म्हनत होत्या?"

आधी मौशीला हसू फुटलं, मग सगळ्या वर्गाला. शेवटी काका स्वतः असे हसले की चष्मा नाकावरून घसरला आणि त्यांनी तो पडायच्या आत झेलला. त्यानंतर त्यांची सुई क्वचितच मोडली.

त्याच दिवसांत भज्यांचा प्रकार झाला. काकांनी शपथ घेतली होती की पामतेल तोंडात घालणार नाही. त्यांची बायको रेशनचं तेल आणायची, थंडीत ते बाटलीत थिजायचं, ती बाटली उन्हात ठेवायची आणि काका तिच्याकडे पाहून म्हणायचे, "हे तेल हाय का मेन?" स्वतः ते बिनफोडणीचं खायचे. एका शनिवारी मौशीनं डबा भरून कांद्याची भजी आणली. काकांनी पाच-सहा खाल्ली आणि म्हणाले, "मौशे, याले म्हनते शेंगदान्याचं तेल. वास पाह्य."

मौशी म्हणाली, "रेशनचं हाय ते."

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांच्या तोंडात अर्धं भजं होतं. त्यांनी ते सावकाश चावलं, गिळलं.

"आता गेलं ते काई बाहीर येत नाई," ते म्हणाले. "अजून हायेत का?"

इथवर सारं हसत-खेळत चाललं होतं. मग एका दुपारी दारात एक म्हातारे शिंपी येऊन उभे राहिले. बसस्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. मंगरूळातले निम्मे सदरे त्यांनीच शिवलेले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. मी त्यांना आत बोलावलं. ते बसले नाहीत. प्रत्येक मशीनपाशी थांबून काम पाहत फिरले. फेरी संपवून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"शिकून राह्यले, चांगलं हाय," ते म्हणाले. "तुमचं काम गेलं, वाईट झालं. पन मले एक सांगा. या गावात आमी चार शिंपी हाओ. चौघाइले पुरन इतकंच काम हाय. तुमी पंधरा जनं मशीन घेऊन बाजारात बसान तं आमी काय कराव? आमच्यासाठी मंग कोनता वर्ग काढतीन?"

मशीन सगळ्या थांबल्या होत्या. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला पडलाच नव्हता, आणि हुकूम काढणाऱ्यालाही पडला नसावा.

काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "बसा तं खरं," ते शिंप्यांना म्हणाले. "पानी घ्या. तुमी म्हनता ते बराबर हाय. जहाजातून तेल आलं तवा आमाले असंच वाटलं होतं. फरक इतकाच का जहाजवाल्याले इचाराले आमाले जाता नाई आलं. तुमी आले."

त्या दिवशी शिवण झालं नाही. शिंपी बसले, चहा आला आणि चर्चा सुरू झाली. आधी तर आवाज चढले. एक जण म्हणाला, सरकार मशीन देऊन राह्यलं, आमी बसू तिथं बसू, कोण अडवते? डबेवाल्यानं त्याला गप्प केलं. मग हळूहळू एकेक जण बोलता झाला. पंधरातले निम्म्याहून जास्त तर मूळचे आजूबाजूच्या खेड्यांतलेच. गिरणीसाठी मंगरूळला येऊन राहिलेले. खेड्यांत शिंपी नव्हता. लोक एका ब्लाउजसाठी दिवस मोडून तालुक्याला यायचे.

"आसेगाव मले द्या," मौशी सर्वांत आधी म्हणाली. "बाईचं गाव हाय. वंगाळ शिवलं तं बाई घरी येऊन सांगन."

डबेवाला म्हणाला, "मी अनसिंगले जातो. माही सासुरवाडी हाय, आन् एस.टी.चं स्टँड हाय. गाडीतून गिऱ्हाईक उतरते."

"गाडीतून उतरून तुह्याकडं येते का सदरा शिवाले?" कुणी तरी विचारलं.

"उतरल्यावर बटन तुटते मानसाचं," डबेवाला म्हणाला.

एक जण धनजला जायला तयार झाला, त्याचा भाऊ तिथं शेतीत होता. अशी गावं वाटली गेली. मंगरूळात राहणारे उरले पाच. त्यातल्या दोघांना म्हातारे शिंपी स्वतःच म्हणाले, सणासुदीला माझ्याकडे या, मला माणूस लागतो. दोघांनी कापूस बाजारात पोत्यांच्या शिलाईचं पाहू म्हटलं. राहिले काका.

"आन् तुमी?" शिंप्यांनी त्यांना विचारलं.

"मी सदरे शिवनार नाई," काका म्हणाले. "परीक्षेपुरता एक शिवन. मंग ताडपत्री शिवन. ट्रकच्या, बंड्याइच्या. तुमी ताडपत्री शिवता का?"

"हट! बोटं तुटतेत."

"माही नाई तुटत."

परीक्षेला अकोल्याहून साहेब जीपनं आले. तरुण होते, हसतमुख, पण शिवणातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ते तसं कबूल करत होते. गावातला जाणकार माणूस परीक्षक म्हणून बोलवा, असं त्यांनी तहसीलला आधीच कळवलं होतं. तहसीलनं कोणाला बोलावलं असेल? त्याच म्हाताऱ्या शिंप्यांना. ते दारातून आत आले तेव्हा वर्गाचा जीव भांड्यात पडला, असं मला वाटलं. पण तो अर्ध्या तासातच परत बाहेर आला, कारण म्हातारबुवांनी कुणालाही सूट दिली नाही. प्रत्येक सदरा उलटा करून पाहिला. शिवण ओढून पाहिली. काजांत बोट घालून पाहिलं. डबेवाल्याला म्हणाले, "काप चांगला, टीप घाईची." मौशीला म्हणाले, "पास." तिला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं.

काकांचा सदरा त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सदरा काकांनी स्वतःच्याच मापाचा शिवला होता, त्यामुळे तो टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. बाह्या ठीक, खिसा सरळ. शिंप्यांनी कॉलरची दोन्ही टोकं जुळवून धरली. एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर पुढे येत होतं.

साहेब म्हणाले, "अहो, चालेल की. एवढं कोण पाहतं?"

"मी पाह्यतो," शिंपी म्हणाले. सदरा त्यांनी काकांपुढे ठेवला. "कालर उसवा. परत लावा. मी थांबतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना कारंज्याला जायचं होतं. मी म्हणाले, "साहेब, चहा मागवते," आणि दोनदा मागवला. काका खिडकीपाशी मशीनवर बसले. चष्मा नीट केला. कॉलर उसवायलाच किती वेळ लागला! मग टाचण्या. मग टीप. सगळी खोली त्या मशीनचा आवाज ऐकत होती, आणि मला आठवतं, मधे एकदा तो थांबला. दोरा तुटला होता. मौशी उठायला लागली, मी तिचा पदर धरला. काकांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, सुई उजेडाकडे घेतली आणि स्वतः ओवला.

शिंप्यांनी कॉलर पुन्हा जुळवली. या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली.

"घाला अंगात," ते म्हणाले.

काकांनी सदरा घातला, सगळी बटणं लावली आणि शाळेतल्या पोरासारखे हात सरळ ठेवून उभे राहिले.

"पास," शिंपी म्हणाले. "लिवा साहेब, पास."

साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. पंधराच्या पंधरा पास झाले होते.

दोन दिवसांनी मशीन ज्याच्या त्याच्या ताब्यात मिळाल्या. दोन बैलबंड्या भाड्यानं केल्या होत्या. मंगरूळच्या बाजारपेठेतून त्या निघाल्या तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते. "कोनाचं लगीन हाय?" असं एका बाईनं विचारलं, तर डबेवाल्यानं बंडीवरूनच उत्तर दिलं, "पंधरा जनाइचं हाय, जेवाले या!"

सगळ्यांचं भलं झालं असं म्हणणार नाही. दोघांनी वर्षाच्या आत मशीन विकली. एक अकोल्याला दुसऱ्या गिरणीत लागला, एक शेतीत परत गेला. धनजवाल्याचं चांगलं चाललं. डबेवाल्याला अनसिंगमध्ये लोक सदरेवाला म्हणायला लागले, पण त्याला ते आवडायचं नाही. आसेगावात मौशीनं इतके ब्लाउज शिवले की माझ्या आईनं मला शिवायला सांगायचं बंद केलं. "तुह्यापेक्षा तिचा गळा चांगला येते," असं आई तोंडावर सांगायची.

सरकारनं दुसरा वर्ग काढला नाही. माझं काम सहा महिन्यांत संपलं. पण परीक्षेला आलेल्या साहेबांनी दिलेल्या शिफारशीच्या कागदावर मला कारंज्याच्या एका मुलींच्या शाळेत शिवणशिक्षिकेची जागा मिळाली आणि मी तिथं राहायला गेले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना मंगरूळला गाडी बदलायची होती. मधे वेळ होता म्हणून काकांचं दुकान शोधत गेले. ट्रक थांबायच्या जागेपाशी टिनाचं शेड, आत जमिनीवर पसरलेली ताडपत्री आणि तिच्या मधोमध मशीन घेऊन बसलेले काका. मला पाहिल्याबरोबर त्यांनी समोर वाद घालत उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला हातानं बाजूला सारलं.

"सरक गा. माही बाई आली."

चहा झाला, घरची चौकशी झाली. मग काकांनी फळीवरून एक कॅनव्हासची पिशवी आणि एक नवी कोरी चेन काढली.

"बाई, एका डायवरले चेनवाली पिशवी पायजे. तीन डाव लावली, तीन डाव वाकडी झाली. वर्गात तुमी आमाले चेन काहून नाई शिकवली?"

"मलाच येत नव्हती, काका."

"आता येते?"

"थोडी थोडी."

"मंग बसा," काका म्हणाले आणि माझ्यासाठी पोतं झटकून अंथरलं. आम्ही दोघं त्या पिशवीवर वाकून बसलो. पहिल्यांदा चेन उलटी बसली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडकली. ट्रकवाला मागे उभा राहून सल्ले द्यायला लागला. आसेगावची गाडी आली आणि गेली. मला तिचा भोंगा ऐकू आला, पण तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या.